आमच्या घराला पत्ता हवा

“घरच्या कनेक्शनवर सर्व्हर चालवायचा नसतो. हवा असेल तर बिझनेस प्लॅन घ्या.” ब्रॉडबँड कंपनीच्या ग्राहकसेवेकडून हे ऐकलं तेव्हा नवल वाटलं नाही. कंपनीला महागडी योजना विकायची असते. वाईट वाटलं ते नंतर. पुण्यात आयटीत काम करणाऱ्या, दिवसभर दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्रांना ही गोष्ट सांगितली, तर त्यांनीही कंपनीचीच बाजू घेतली. क्लाउड असताना हा उपद्व्याप कशाला, हॅकरना घराचं दार कशाला उघडून द्यायचं, लाईट गेली की काय करशील, आणि तुझ्यासारखे हजारात एक, त्यांच्यासाठी कंपनीने का म्हणून नियम बदलायचे? प्रत्येक आक्षेपात थोडं तथ्य आहे, म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवं. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक गृहीतक आहे: घरातल्या माणसाने इंटरनेटवरून फक्त घ्यावं, देण्याचं काम कंपन्यांनी करावं. हे गृहीतक मला मुळातूनच अमान्य आहे.

घरचा सर्व्हर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काचेच्या खोलीतली लुकलुकणारी कपाटं येतात. आमच्याकडे टीव्हीखालच्या कप्प्यात झाकण मिटलेला एक जुना लॅपटॉप आहे. त्यावर लिनक्स आहे, फायलींसाठी नेक्स्टक्लाउड आहे, फोटोंसाठी इमिच आहे. तिन्ही फुकट मिळतात आणि आतलं काम कोणालाही वाचता येतं. त्या लॅपटॉपवर घरच्यांचे फोटो आहेत, सातबारा आणि खरेदीखताच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत, आणि वडिलांच्या कीर्तनाच्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या फायली आहेत. काही कॅसेटना बुरशी धरली होती, काहींची फीत ताणली गेली होती. जे उतरलं ते एकदाच उतरलं, पुन्हा ते शक्य नाही. न्यू जर्सीतल्या आत्याला ते कीर्तन तिच्या फोनवर ऐकता यावं, एवढंच या यंत्राकडून मागणं आहे. यात व्यापार कुठे आहे?

आता क्लाउडचं. क्लाउड वाईट आहे असं मी म्हणत नाही. माझ्या फायलींची दुसरी प्रत, कुलूपबंद करून, तिथेच ठेवलेली आहे. वाद आहे तो एकमेव प्रत तिथे ठेवण्याबद्दल. याहूने २००९मध्ये जिओसिटीज बंद केलं आणि लोकांनी हाताने बांधलेली लाखो पानं गेली. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. आपल्याकडच्या एका पिढीने मराठीत पहिल्यांदा मोकळेपणी लिहिलं ते तिथल्या समुदायांत. त्या चर्चांचा संग्रह काही काळ वाचण्यापुरता राहिला, मग तोही गेला. मायस्पेसने २०१९मध्ये कबूल केलं की २००३ ते २०१५ या काळात लोकांनी चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना नष्ट झालं. गूगल फोटोजमधली अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ला संपली. यातल्या बहुतेक ठिकाणी कोणी फसवणूक केली नाही. कंपन्यांनी आपापल्या हिशेबाने निर्णय घेतले, तो त्यांचा अधिकारच होता. प्रश्न एवढाच, की माझ्या वडिलांच्या आवाजाचं काय करायचं हा निर्णय कोणाच्या हिशेबाने व्हावा?

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका बापाची हकीकत २०२२मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापली होती. लहान मुलाच्या आजारी अवयवाचा फोटो डॉक्टरांना पाठवण्यासाठी काढला, तो आपोआप क्लाउडवर चढला, तिथल्या यंत्रणेने त्याला गैरकृत्य ठरवलं आणि गूगलने खातं बंद केलं. पोलिसांनी चौकशी करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी खातं परत मिळालं नाही. ईमेल, वर्षानुवर्षांचे फोटो, फोन नंबर, सगळं एका फटक्यात गेलं. असं हजारातल्या एकाच्या बाबतीत होतं म्हणून ज्यांना निश्चिंत राहायचं आहे त्यांनी राहावं. पण जो निश्चिंत नाही त्याला वेडा ठरवू नये.

सुरक्षेचा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. इंटरनेटवर उघडं यंत्र ठेवलं की काही मिनिटांत कोणीतरी कडी वाजवतं. ज्याने कधी लॉग उघडून पाहिला आहे त्याला ते ठाऊक आहे: कुठल्या कुठल्या देशांतून रूट, ॲडमिन, टेस्ट, पाय अशी नावं आणि ठरावीक पासवर्ड रात्रंदिवस आजमावले जात असतात. हा धोका खरा आहे. पण त्याचं खापर कोणाच्या डोक्यावर फुटायला हवं? २०१६च्या ऑक्टोबरात मिराई नावाच्या विषाणूने बाधलेल्या यंत्रांनी साइट्सची नावं त्यांच्या पत्त्यांशी जोडून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला केला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट्स तासन्‌तास बंद पडल्या. त्या फौजेत घरगुती कॅमेरे होते, डीव्हीआर होते, राउटर होते. कारखान्यातून निघताना ठेवलेला पासवर्ड कोणी बदलला नव्हता आणि मिराईकडे अशा साठेक जोड्यांची यादी होती. दुकानदाराने भिंतीवर ठोकून दिलेला कॅमेरा तेव्हाही चालत होता, आजही चालतो. त्याला बिझनेस प्लॅन लागत नाही. ज्या माणसाला आपला पासवर्ड काय आहे, कोणतं पोर्ट उघडं आहे आणि शेवटचा अपडेट कधी घातला हे माहीत आहे, त्याच्याकडे मात्र संशयाने पाहिलं जातं.

शिवाय आता साधनं इतकी चांगली झाली आहेत की पंधरा वर्षांपूर्वीची भीती तशीच बाळगण्याचं कारण उरलेलं नाही. वायरगार्ड २०२०च्या मार्चपासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. ओळखीची किल्ली नसलेल्याला ते काहीच उत्तर देत नाही. ‘इथे कोणी नाही’ एवढंही म्हणत नाही. बाहेरून चाचपणाऱ्याला ते पोर्ट रिकामं आहे की भरलेलं हेच कळत नाही. आत्याच्या फोनवर एकदा क्यूआर कोड दाखवून वायरगार्ड बसवलं की बाकी सगळी दारं बंद ठेवता येतात. आणि ज्यांना जगासाठी उघडं पान ठेवायचं आहे, त्यांना लेट्स एन्क्रिप्टकडून २०१५पासून फुकट प्रमाणपत्र मिळतं. पूर्वी त्याचे दरवर्षी पैसे मोजावे लागत. रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडू नका, पासवर्डने एसएसएच उघडू नका, डीव्हीआर तर मुळीच उघडू नका. एवढं शिकवता येतं. गॅस सिलेंडर वापरायला आपण घराघरांत शिकलोच.

एक गोष्ट मान्य करतो. स्वतःचा ईमेल सर्व्हर घरच्या कनेक्शनवर चालवणं आज व्यवहार्य नाही. स्पॅमच्या त्रासामुळे बहुतेक कंपन्या पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि घरगुती पत्त्यांच्या याद्या स्पॅमहॉससारख्या संस्थांकडे असतात. त्या पत्त्यांवरून थेट आलेलं पत्र मोठे मेल सर्व्हर घेतच नाहीत. त्यामागचं कारण खरं आहे, म्हणून मी त्याबद्दल भांडत नाही. पण एका पोर्टचं कारण पुढे करून सगळी पोर्टं बंद करणं समर्थनीय ठरत नाही.

लाईटचा मुद्दा सगळे हमखास काढतात. जुन्या लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते, आणि राउटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात कुठेही मिळतो. रास्पबेरी पायसारखं पाच वॅटवर चालणारं यंत्र महिनाभर अखंड चालू ठेवलं तर साडेतीन युनिटच्या आसपास वीज लागते. लॅपटॉपला त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण खरं उत्तर वेगळंच आहे. घरच्या सर्व्हरला चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस चालण्याची गरजच नाही. दुपारी दोन तास तो बंद असला तर आत्या संध्याकाळी कीर्तन ऐकेल. बँकेचा सर्व्हर आणि कुटुंबाचा सर्व्हर यांना एकच फूटपट्टी लावायची आणि मग दुसरा नापास झाला म्हणायचं, हा युक्तिवाद प्रामाणिक नाही. मोठ्यांचीही यंत्रणा पडतेच. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास साऱ्या जगात बंद होते. त्याच वर्षी मार्चमध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरची इमारत जळाली आणि ज्यांनी दुसरी प्रत ठेवली नव्हती त्यांचं सगळं गेलं.

आता येतो तो मुद्दा, जिथे खरं पाणी मुरतं. राउटरच्या पानावर जा (बहुतेक घरांत ते १९२.१६८.१.१ला उघडतं) आणि ‘वॅन’समोर लिहिलेला आयपी पत्ता पाहा. मग एखाद्या साइटवर तुमचा बाहेरून दिसणारा पत्ता पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि पहिला १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. कंपनीने तुम्हाला सार्वजनिक पत्ता दिलेलाच नाही. एका पत्त्यामागे कितीतरी घरं बसवली आहेत. ज्या सोसायटीत फाटकावर फक्त सोसायटीचं नाव आहे, फ्लॅटना नंबर नाहीत आणि वॉचमन फक्त तुम्ही बोलावलेल्यालाच आत सोडतो, तिथे आपणहून आलेला पाहुणा तुमच्या घरी पोहोचेल कसा? तुम्ही सर्व्हर कितीही नीट बांधा, त्याच्यापर्यंत बाहेरचं कोणी पोहोचू शकत नाही. शिवाय त्या सामायिक पत्त्यावरून शेजारच्या कोणी उपद्रव केला, तर कॅप्चाची चित्रं निवडत बसायची वेळ तुमच्यावर येते.

कंपन्या म्हणतात, पत्तेच संपलेत. हे खरं आहे. जुन्या पद्धतीत, आयपीव्ही४मध्ये, साऱ्या जगाला मिळून ४२९ कोटी पत्ते आहेत. फेब्रुवारी २०११मध्ये मध्यवर्ती साठा संपला, एप्रिलमध्ये आशिया-पॅसिफिकचा साठा शेवटच्या तुकड्यावर आला, आणि २०१२मध्ये वर सांगितलेला १००.६४चा पट्टा खास या सामायिक व्यवस्थेसाठी राखून ठेवला गेला. भारत या पंगतीला उशिरा बसला. आपली कोट्यवधी घरं जोडली गेली तेव्हा वाढपी रिकाम्या हाताने उभा होता. त्याबद्दल आजच्या कंपन्यांना मी दोष देत नाही.

दोष देतो तो पुढच्या गोष्टीबद्दल. या टंचाईवरचा उपाय १९९०च्या दशकातच लिहून झाला होता. त्याचं नाव आयपीव्ही६. आणि त्याच्या वापरात भारत मागे नाही. २०१६मध्ये जिओ आली तीच आयपीव्ही६ घेऊन, आणि आज या बाबतीत आपण जगातल्या आघाडीच्या देशांत आहोत. आपल्या निम्म्याहून कितीतरी अधिक वापरकर्त्यांकडे ते पोहोचलं आहे. एका घरातल्या एका जाळ्याला त्यात जेवढे पत्ते मिळतात, ते जुन्या संपूर्ण इंटरनेटमधल्या पत्त्यांच्या चारशे कोटी पटींहून अधिक आहेत. म्हणजे माझ्या लॅपटॉपला स्वतःचा, साऱ्या जगातून पोहोचता येईल असा पत्ता आज मिळालेला आहे. टंचाईचं कारण इथे लागूच होत नाही. मग अडतं कुठे? कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये आयपीव्ही६चं बाहेरून येणारं सगळं अडवलेलं असतं, आणि ते उघडण्याचा पर्यायच मला दिसत नाही. आमच्या राउटरच्या पानावर आयपीव्ही४चं पोर्ट फॉरवर्डिंग आहे, जे सीजीनॅटमुळे निरुपयोगी आहे. आयपीव्ही६चा फायरवॉल, जो उपयोगी पडला असता, तो त्या पानावर नाही. ग्राहकसेवेला विचारलं, तर आयपीव्ही६ काय हे समोरच्याला समजावण्यातच बराच वेळ गेला, आणि शेवटी उत्तर पुन्हा बिझनेस प्लॅनवरच आलं.

दार मुळात बंद असावं, हे मलाही पटतं. ज्या आजोबांना यातलं काही नको आहे त्यांचं घर बंदच असलेलं बरं. पण घरमालकालाच किल्ली न देणं ही सुरक्षा नव्हे.

मग टनेल, म्हणजे मधल्या एखाद्या कंपनीमार्फत जोडून घेण्याची सोय, वापर, असं मित्र सुचवतात. वापरतोच. टेलस्केल आणि क्लाउडफ्लेअरचे टनेल उत्तम चालतात, आणि नवख्याला मी तेच सुचवीन. पण त्यामुळे मूळ तक्रार मिटत नाही. माझी बहीण त्याच शहरात, त्याच कंपनीचं कनेक्शन घेऊन राहते, आणि तिने माझ्या घरातला फोटो पाहायचा तर दोघांनी मिळून तिसऱ्या कुठल्यातरी कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहायचं. दोघांनी पूर्ण पैसे भरलेली केबल मधल्या मध्ये असूनही.

“नेटवर्कवर ताण येतो” हा आक्षेप तर आकड्यांपुढे टिकतच नाही. अखंड रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवणारा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या वेगाने चालला, तर तासाला ९०० एमबी आणि महिन्याला साडेसहाशे जीबीच्या आसपास अपलोड करतो. आमचा सगळा सर्व्हर, सगळ्या नातेवाइकांसकट, त्याच्या जवळपासही जात नाही. त्या कॅमेऱ्याला कोणी हरकत घेत नाही, आणि वापराची मर्यादा योजनेत आधीच लिहिलेली असते. ती ओलांडली की वेग कमी करायला कंपनी मोकळी आहे. मग निषिद्ध ठरतं ते नेमकं काय? ताण निषिद्ध नाही. दुसऱ्या टोकाला एखाद्या कंपनीचं यंत्र असेल तर चालतं आणि माझं स्वतःचं असेल तर चालत नाही, एवढाच त्या अटीचा अर्थ निघतो.

हे भांडण आधी कोणी भांडलंच नाही असं नाही. गूगलने कॅन्सस सिटीत फायबर आणलं तेव्हा घरी सर्व्हर चालवायला अटींमध्ये मनाई होती. एका ग्राहकाने अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे तक्रार केली. कंपनीने आधी मनाईचं समर्थन केलं, पण २०१३च्या ऑक्टोबरात अटी बदलल्या आणि खासगी, बिगरव्यापारी सर्व्हरना मुभा दिली. युरोपीय संघाने तर २०१५च्या आपल्या नियमावलीत, तिसऱ्या कलमातच, लिहून टाकलं की ग्राहकाला माहिती मिळवण्याचा तसाच ती पुरवण्याचा, सेवा वापरण्याचा तसाच त्या देण्याचा, आणि आपल्या पसंतीचं उपकरण वापरण्याचा हक्क आहे.

आपल्याकडे २०१५मध्ये नेट न्यूट्रॅलिटीसाठी ट्राय या दूरसंचार नियामकाकडे दहा लाखांहून अधिक ईमेल गेल्या. फेब्रुवारी २०१६मध्ये ट्रायने भेदभावी दरांवर बंदी घातली आणि फेसबुकला आपलं फ्री बेसिक्स गुंडाळावं लागलं. तो विजय मोठा होता आणि मला त्याचा अभिमान आहे. पण त्या लढ्याचा सारा भर आपल्यापर्यंत काय पोहोचतं यावर होता. आपल्याकडून काय निघतं याचा विचार मागे राहिला. २०२३च्या जानेवारीत ब्रॉडबँडची सरकारी व्याख्या सुधारली आणि किमान वेग ५१२ केबीपीएसवरून दोन एमबीपीएसवर नेला. तो किमान वेगही डाउनलोडचा. अपलोडचा उल्लेख त्या व्याख्येत नाही.

वेब जन्माला आलं तेव्हा असं नव्हतं. टिम बर्नर्स-लीने सर्नमधल्या आपल्या टेबलावरच्या संगणकावर पहिला वेब सर्व्हर चालवला. हा सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्या डब्यावर चिकटवलेली होती. तो डबा आजही जपून ठेवला आहे. बर्नर्स-लीच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता यायचं आणि त्याच खिडकीत लिहिताही यायचं.

राहिला ‘हजारात एक’. असू दे. दर घरात सर्व्हर व्हावा अशी माझी मागणीच नाही. एका कुटुंबात एक, एका गावच्या वाचनालयात एक, एखाद्या भजनी मंडळाकडे एक, एवढे झाले तरी पुष्कळ. तालुक्याच्या ग्रंथालयाने आपली जुनी हस्तलिखितं स्कॅन करून आपल्याच इमारतीतून लोकांना दाखवायची म्हटली, तर आज त्यांना दरमहा भाडं भरून दुसऱ्याच्या यंत्रात जागा घ्यावी लागते. भाडं थकलं की पान गायब होतं. अनुदान वेळेवर न येणाऱ्या संस्थेसाठी ही काल्पनिक भीती नाही. फायबर मात्र त्याच इमारतीपर्यंत आलेलं आहे, आणि अनेक योजनांत अपलोडचा वेग डाउनलोडइतकाच आहे.

मागण्या फार नाहीत आणि त्यांना खर्चही फारसा नाही. राउटरच्या पानावर आयपीव्ही६चा फायरवॉल ग्राहकाला एकेका यंत्रापुरता उघडता यावा. आयपीव्ही६चा पट्टा प्रत्येक वेळी बदलू नये. जुन्या पद्धतीचा सार्वजनिक पत्ता ज्याला हवा आहे त्याला तो घरगुती योजनेवरच, छापील दराने मिळावा. तो दुर्मीळ आहे, तेव्हा त्याचे वेगळे पैसे द्यायला माझी ना नाही. आपला राउटर लावायचा असेल तर कंपनीने दिलेला डबा ब्रिज मोडमध्ये लावून द्यावा, म्हणजे तो फक्त जोडणीपुरता उरेल. आणि खासगी सर्व्हरला मनाई करणारी ओळ अटींमधून निघावी. ट्रायच्या पुढच्या सल्लामसलतीत हे लिहून पाठवायला हवं, पण तोवर थांबायचं कारण नाही. नवीन कनेक्शन घेताना किंवा वर्षाचं नूतनीकरण करताना कंपनीला आमची गरज असते. प्रश्न तेव्हाच विचारावेत. सीजीनॅट आहे का, आयपीव्ही६ बाहेरून उघडता येतं का, ब्रिज मोड देता का? उत्तर ईमेलवर मागावं. “होऊन जाईल, सर” या तोंडी आश्वासनावर वर्षाचे पैसे भरू नयेत.